पळून जायची वेळ येण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हुकूमशाहीत पत्रकार टिकतो कसा, असं विचारलंस. आपल्या मराठवाड्याला हा प्रश्न परका नाही. निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे 'मराठवाडा' हे वृत्तपत्र पुण्याहून काढत. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढत. हैदराबादेतच राहिलेल्या 'इमरोज' दैनिकाच्या संपादकांना, शोएबुल्ला खानांना मात्र ऑगस्ट १९४८ मध्ये मारून टाकलं गेलं.

आधी बातमी देणारा सांभाळ. त्याचं नाव वहीत लिहू नकोस. त्याने दिलेला कागद जसाच्या तसा छापू नकोस, मजकूर पुन्हा टाइप कर. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरवर बारीक पिवळे ठिपके उमटतात, त्यांत छपाईची वेळ आणि यंत्राचा क्रमांक असतो. फोटोत जागेची नोंद असते, ती पुसूनच पाठव.

फोनला लांब पासवर्ड ठेव, बोटाचा ठसा बंद कर. बोट धरून टेकवता येतं. तपासणी नाक्याच्या आधी फोन पूर्ण बंद कर. नुसती स्क्रीन लॉक केली तर आतला मजकूर उघडणाऱ्या सांकेतिक किल्ल्या मेमरीत तशाच राहतात. सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपवरचे निरोप आपोआप पुसले जातील असं ठेव. पण फोनमध्येच हेर शिरला तर सिग्नल काय करणार? 'मेदुझा' हे रशियन वृत्तस्थळ २०१४ पासून लॅटव्हियातल्या रिगामधून चालतं. तिथल्या प्रकाशक गालिना तिमचेंको यांच्या फोनमध्ये २०२३ साली पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. म्हणजे सरहद्द ओलांडली की सुटलो, असं नाही.

परदेशात माणूस अडतो तो पासपोर्टपाशी. बेलारूसने सप्टेंबर २०२३ मध्ये वकिलातींतून पासपोर्टचं नूतनीकरणच थांबवलं. कागद हवा तर मायदेशी या! सौदी पत्रकार जमाल खशोगी २०१८ साली लग्नाच्या कागदासाठी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले आणि तिथेच मारले गेले. विमानाचा मार्गही बघ. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून विल्निअसला निघालेलं विमान बेलारूसने मिन्स्कला उतरवलं आणि त्यातल्या रामान प्रातासेविच या बेलारूसी पत्रकाराला ताब्यात घेतलं. तिकीट थेट होतं, पण वाटेत बेलारूसचं आकाश होतं.

मागे राहिलेल्या वाचकांकडून पैसे घेताना दहादा विचार कर. रशियाने जानेवारी २०२३ मध्ये 'मेदुझा'ला 'अनिष्ट संघटना' ठरवलं, तेव्हापासून तिथून देणगी देणं हाच गुन्हा झाला. घरच्यांनाही सगळं सांगू नकोस. माहीतच नसलं तर त्यांच्याकडून काढून काय घेणार?

आणि जन्मदाखला, पदवी, लग्नाचा दाखला, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती देश सोडायच्या आधीच काढ. एक संच भरवशाच्या माणसाकडे देशाबाहेर ठेव. नंतर त्या कचेरीच्या खिडकीशी तुला उभं राहता येणार नाही.