पहिला प्रयोग आखताना: चिठ्ठ्या कुणाच्या टाकायच्या?

शाळेत एखादी नवी गोष्ट उपयोगी पडते का हे तपासायचं, तर ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडतात. म्हणून प्रश्नावली लिहायला बसण्याआधी हे ठरवा: चिठ्ठ्या मुलांच्या टाकायच्या की वर्गांच्या? एकाच वर्गातल्या निम्म्या मुलांना सरावाची नवी वही दिली, तर चार दिवसांत ती उरलेल्यांच्याही हातात दिसेल आणि दोन गटांतला फरक पुसला जाईल. अशा वेळी अख्खा वर्गच एका गटात टाका.

मात्र त्याची किंमत मोजावी लागते, आणि नवखे नेमके इथेच फसतात. ०.२ प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) परिणाम ५ टक्के सार्थकता पातळीवर (म्हणजे परिणाम नसतानाही तो दिसण्याची शक्यता ५ टक्के) पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर मुलांच्या चिठ्ठ्या टाकताना दर गटात सुमारे ३९३ मुलं लागतात. पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. वर्ग ४० चा आणि हे साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळी एकसारखी) ०.१ धरलं, तर १ + ३९ × ०.१, म्हणजे ४.९ पट नमुना. दर गटात किमान ४९ वर्ग. दर वर्गात मुलं वाढवून फारसं हाती लागत नाही, वर्ग वाढवा.

वाटप संगणकावर करा, बीजांक (ज्या आकड्यावरून संगणक तेच वाटप पुन्हा करून दाखवतो तो) जपून ठेवा. शिक्षकांना गट निवडू देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

खरी काळजी गळतीची. कंटाळलेली, कच्ची मुलं वही मिळालेल्या गटातून निघून गेली की उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते आणि वही उपयोगी ठरल्याचा भास होतो. म्हणून ज्याला ज्या गटात टाकलं त्याची मोजणी त्याच गटात, त्याने वही उघडलीही नसली तरी. गळालेल्यांना शोधून त्यांची अंतिम चाचणी घ्याच. त्यासाठी वेळ आणि पैसा आधीच बाजूला काढा.