वाचकांचे प्रश्न : मोजणी एक, नकाशे दोन

प्रश्न : विद्युतचुंबकीय सर्वेक्षणाच्या एकाच नोंदींवरून दोन तज्ज्ञांनी जमिनीखालच्या थरांचे वेगवेगळे नकाशे काढले. चूक कोणाची?

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. तारेच्या एका वेटोळ्यातील बदलता प्रवाह जमिनीत प्रवाह निर्माण करतो, त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्यात नोंदले जाते, आणि त्या नोंदींवरून थरांची विद्युतवाहकता शोधण्याच्या उलट्या गणिताला इन्व्हर्जन म्हणतात. खरी अडचण इथेच आहे. पातळ वाहक थराची नोंद मुख्यतः त्याची जाडी आणि वाहकता यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणून २ मीटर जाडीचा थर आणि दुप्पट वाहकतेचा १ मीटर जाडीचा थर जवळजवळ सारखेच भासतात. त्यामुळे काहीतरी गृहीत धरावेच लागते. स्टीव्हन कॉन्स्टेबल, रॉबर्ट पार्कर आणि कॅथरीन कॉन्स्टेबल या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९८७ साली मांडलेली ऑकम पद्धत नोंदींशी जुळणारे सर्वांत सौम्य चढउतारांचे चित्र निवडते, तर दुसऱ्या पद्धती ठळक सीमा असलेले मोजकेच थर मानतात. माझ्या मते गृहीतके आणि मोजणीतील त्रुटी न सांगता दिलेला रंगीत नकाशा अपुराच असतो. दोन्ही तज्ज्ञांकडून ती माहिती मागवावी आणि त्याच जागी घेतलेल्या एखाद्या विंधन छिद्रातील थरांशी दोन्ही नकाशे ताडून पाहावेत.