वर्ध्याकडे नदीकाठी, सावलीत बसण्यासारखी जुनी जागा कोणती?

तुम्ही विचारलंय, ‘नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी, झाडी, नदी आणि जुना इतिहास असलेली जागा वर्ध्याकडे आहे का? सोबत म्हातारी आई आहे.’

पवनारला जा. माझं गाव सेलू तालुक्यातलंच, त्यामुळे लहानपणापासून तिथे जाणं आहे. नागपूर-वर्धा रस्त्यावर धाम नदीच्या पुलाशेजारी, उंच काठावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे.

१९३८ साली विनोबांची तब्येत फार खालावली होती. गांधीजी म्हणाले, हवापालटाला कुठेतरी जा. ते आले इथे, जमनालाल बजाजांच्या रिकाम्या बंगल्यात. पूल ओलांडताना ‘संन्यस्तं मया’ म्हणत मनातली सगळी ओझी टाकून आले. धामच्या पलीकडे म्हणून परंधाम.

पण आईंना आधी दाखवा ती भरत-रामाच्या भेटीची मूर्ती. आश्रमाच्या शेतात खणताना ती निघाली. वाकाटक राजांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांची. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हेच पवनार, असं मांडलं. खणलं की मूर्ती लागावी, अशी ही जमीन. दगड झिजलाय, तरी दोघा भावांची ती जवळीक लगेच कळते. माझी आजी तिथे हात जोडून किती वेळ उभी राहायची!

१९५९ पासून इथे विनोबांनी स्त्रियांच्या साधनेसाठी काढलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे, साधक बहिणी राहतात, स्वतः राबतात. तेव्हा आवाज हळू ठेवा, जेवणाचा डबा आत उघडू नका.

मग नदीवर. पात्रात काळे खडक आहेत, आणि गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये जिथे सोडल्या तिथे छत्री आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना वरच झाडाखाली बसवा, तिथूनही नदी छान दिसते. पावसाळ्यात खडकांवर अजिबात उतरू नका, शेवाळ फार असतं आणि पाणी बघता बघता चढतं.

एक विनंती करतो, मनापासून. विसर्जनानंतर याच खडकांत निर्माल्याच्या पिशव्या अडकलेल्या असतात. गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी पोतंभर काढल्या, ओल्या फुलांचा वास दोन दिवस हाताला होता. तुमचं प्लास्टिक तुमच्यासोबत परत न्या.

हिवाळ्यात, सकाळी नऊच्या आत पोचा. तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायांशिवाय कोणी नसतं.