लहानपणीच्या तुमच्या स्वभावातली कोणती गोष्ट आठवून आजही छान वाटतं?

माझा चौकसपणा. घरचे त्याला चोंबडेपणा म्हणायचे, पण मला तो तेव्हाही आवडायचा आणि आता चाळिशी ओलांडल्यावर तर त्या पोरीचा जास्तच लळा लागलाय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. कापूस, तूर, जवारी, सगळी पावसाच्या भरवशावरची शेती. टीव्ही एखाददुसऱ्या घरी, तोही लाईन असली तर. त्यामुळे गावात कोणी काहीही करत असलं की मी तिथं उकिडवी बसलेलीच, कोणी खाट विणून राहिलं, लोहार वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, ठोकून राहिला, कोणाकडे शेवयांसारखे सरगुंडे करणं चालू आहे, मग मी आणि माझं "हे काऊन असं?" सुरू. आई ओरडायची, "कावं, तुले काय करा लागते लोकायच्या कामाचं!" पण खरं सांगते, गावातल्या एकाही माणसानं मला हाकलल्याचं आठवत नाही. रागवायचे, पण हात चालूच ठेवून उत्तर द्यायचे. माझी ही सवय टिकली त्याचं निम्मं श्रेय मी त्या लोकांना देते.

दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, डांबरी रस्त्यानं आर्वीला न्यायच्या असत म्हणून बैलांना नाला ठोकून घेत. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय बांधायचे, खूर तासून सारखा करायचा आणि मग पातळ लोखंडी पट्टी चुका मारून बसवायची. बाकीची पोट्टी लांब उभी राहून बघायची, मी अगदी नाल ठोकणाऱ्या काकांच्या गुडघ्याशी. माझा प्रश्न होता की घोड्याला एका पायाला एकच नाल असते, मग बैलाला दोन काऊन? त्यांनी माझं बोट धरून खुराच्या मधल्या फटीत ठेवलं आणि म्हणाले, पाह्य, हे दोन वेगळे आहेत, चालताना वेगळे हालतात, एकच पट्टी ठोकली त बैल लंगडन. म्हणजे एका बैलाला 8 नाला. त्या फटीतली ओलसर माती आणि खुराचा गरमपणा मला अजून आठवतो, आणि नंतर घरी येऊन मी सगळ्यांना हे इतक्या वेळा सांगितलं की माझा लहान भाऊ झोपेतही आठ म्हणाला असता.

तेव्हा एकाधिकार कापूस खरेदी होती, 1972 पासून सुरू झालेली, कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच द्यायचा. बंड्यांची लाईनच्या लाईन लागायची, रात्र तिथंच काढायची. मी हट्ट करून बाबांसोबत जायची. ग्रेड ठरवणारे साहेब चिमटीत कापूस धरून ओढायचे, परत जोडायचे, परत ओढायचे, आणि धागे सरळ झाले की लांबी बघायचे. मोठी माणसं तिथं गप्प उभी असायची कारण वर्षाची कमाई त्या चिमटीत होती, पण मी विचारलंच की काय पाहून राहिले. त्यांनी तो पुंजका माझ्या तळहातावर ठेवून लांब धागा आणि आखूड धागा वेगळा करून दाखवला. बाबा परत येताना रागावले नाहीत, उलट बंडीत बसून स्वतः करून बघत होते.

बाकी स्वभावातलं सांगायचं तर आवाज मोठा होता, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला फिरायचो तेव्हा सगळ्यात पुढे मीच. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलांच्या खांद्यावर तूप-हळद लावताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" हे म्हणायचा मान मी भावाला कधी दिला नाही. पोरीनं कशाला म्हणून कोणीतरी बोललं होतं, पण आबाजी, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले म्हणू द्या तिले.

पण सगळ्यात आवडती आठवण पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, फुलांची आहे. एकाच झाडावर काही फुलं पिवळसर पांढरी आणि काही गुलाबी. सगळे म्हणायचे असतातच तशी. मला मात्र वाटायचं की ही तीच फुलं असतील. मग मी आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन सकाळी नुकत्या उमललेल्या फुलांच्या देठाला बांधला, कोणालाच न सांगता. दुसऱ्या दिवशी दोरा बांधलेली सगळी फुलं गुलाबी! एवढा आनंद मला दहावीच्या निकालाचाही नाही झाला. धावत जाऊन आबाजींना सांगितलं, त्यांना अर्थात माहीत होतं, म्हणाले हो, दुसऱ्या दिवशी लाल होते, मंग गळते अन् बोंड धरते. पण काऊन होते, यावर मात्र ते म्हणाले, "ते मले बी नाही मालूम." आयुष्य पऱ्हाटीत गेलेल्या माणसानं एका पोट्टीला इतक्या सरळपणे असं सांगावं याचं मला आज फार मोल वाटतं.

उत्तर मिळालं ते कॉलेजात, बॉटनीच्या तासाला. फूल जुनं होत जातं तसं पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं, त्यानं गुलाबी दिसतं. रविवारी गावी गेले तेव्हा आबाजी ओट्यावरच होते, ऐकू कमी यायला लागलं होतं म्हणून कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, थोडा विचार केला आणि विचारलं, "मंग आधी पिवळं काऊन रायते?"

सोमवारी मी परत सरांच्या टेबलापाशी हजर.