अपिलाचा निकाल आणि ट्रायब्युनलची मुदत

प्रश्न : इंग्लंडमधील एका गोदामात मी मार्च २०१९ पासून पर्यवेक्षक होतो. मालाच्या नोंदींत फेरफार केल्याचा ठपका ठेवून कंपनीने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मला नोटीस न देता तडकाफडकी काढून टाकले. मी फेरफार केलेला नाही. कंपनीकडे केलेल्या अपिलाचा निकाल लागल्यावर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलकडे जावे का, आणि तेथे माझे निर्दोषत्व सिद्ध होईल का? – एक वाचक

उत्तर : निकालाची वाट पाहू नका. अपील प्रलंबित असले तरी मुदत २८ ऑक्टोबरपासूनच मोजली जाते. तुमच्या बडतर्फीला लागू असलेली मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी आहे. म्हणजे २७ जानेवारी २०२६ पर्यंत तुम्ही 'एकॅस' या सलोखा संस्थेला कळवलेच पाहिजे. तिच्या प्रमाणपत्राशिवाय असा दावा साधारणतः स्वीकारला जात नाही. सलोख्यात गेलेले दिवस मुदतीत धरले जात नाहीत, पण मुदत उलटल्यावर एकॅसकडे गेल्यास ही सवलत मिळत नाही. अपील मात्र सोडू नका. सबळ कारणाशिवाय ते टाळणाऱ्याची भरपाई २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. अन्याय्य बडतर्फीच्या दाव्यात ट्रायब्युनल 'फेरफार कोणी केला' हे मुळात ठरवत नाही. मालकाचा तुमच्यावरील संशय प्रामाणिक होता का, त्याला वाजवी चौकशीचा आधार होता का आणि समंजस मालक एवढी शिक्षा देऊ शकला असता का, एवढेच ते पाहते. न्यायाधीशाने स्वतः तुम्हाला काढले नसते, तरी तेवढ्यावर दावा जिंकता येत नाही. म्हणून आपल्या सचोटीविषयी पानेच्या पाने लिहिण्यापेक्षा त्या नोंदींचा पासवर्ड आणखी कोणाकडे होता, सुनावणीपूर्वी पुरावे तुम्हाला दाखवले का, सहकाऱ्याला किंवा युनियनच्या प्रतिनिधीला सोबत आणू दिले का आणि चौकशी करणाऱ्यानेच निर्णयही दिला का, हे तारखांसह मांडा.

निर्दोषत्वाचा थेट निवाडा होतो तो नोटीस-पगाराच्या दाव्यात. तेथे गंभीर गैरवर्तन खरोखर घडले का, हे ट्रायब्युनल स्वतः ठरवते. तुमची सहा वर्षे पूर्ण झाल्याने किमान सहा आठवड्यांच्या नोटिशीचा तुमचा हक्क आहे. रक्कम लहान असली तरी हा दावा वगळू नये, असे माझे मत आहे. दोन्ही दावे एकाच अर्जात करता येतात आणि २०१७ पासून त्यासाठी शुल्क नाही. बडतर्फीची कारणेही कंपनीकडे आजच लेखी मागा. दोन वर्षांहून अधिक नोकरी झालेल्यांना ती १४ दिवसांत देणे मालकावर बंधनकारक आहे.