ताई, विचारायचं होतं : नोकरी करता करता रोबोटिक्सची डिग्री

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की माझी डिग्री कंपनीत काम करता करता झाली, आधी डिप्लोमा, मग वेल्डशॉपमध्ये नोकरी आणि त्याच नोकरीत बीटेक. त्यावर इतके प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. एकासारखे एक प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, मी मूळचा इस्लामपूरचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, दोन वर्षं चाकणला एका कंपनीत वेल्डिंग लाईनवर आहे. आता कंपनी आणि एक युनिव्हर्सिटी मिळून मेकॅट्रॉनिक्स-रोबोटिक्सचा वर्क इंटिग्रेटेड बीटेक चालू करतायत, नोकरी तशीच, क्लास शनिवार-रविवार. मित्र म्हणतात ही डिग्री नुसती नावाला असते. करू का?

अरे, नावाला असते की नाही हे डिग्रीवर नाही, तू दिवसभर कुठल्या मशीनपुढे उभा असतोस त्यावर आहे. माझंच सांगते.

आमच्याकडे एका सेलमध्ये, म्हणजे रोबोटच्या कामाच्या बंदिस्त जागेत, रोबोट रोज त्याच जागी एरर देऊन थांबायचा. फिक्स्चरच्या, म्हणजे पार्ट घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या, डाव्या कोपऱ्यातल्या वेल्डवर. सेकंड शिफ्टला माझी ड्युटी, प्रॉडक्शनवाले डोक्यावर उभे. आम्ही केबल बघितली, मोटर बदलायची भाषा सुरू झाली. गंमत म्हणजे पेंडंटवरून, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या रिमोटवरून, एकेक जॉइंट हलवला की रोबोट निवांत तिथे जायचा, सरळ रेषेत न्यायला गेलं की चौथा आणि सहावा अॅक्सिस, म्हणजे सांधा, गरागरा फिरायला लागायचे आणि फॉल्ट. शेवटी एक जुने मेंटेनन्सवाले काका आले, त्यांनी तो पॉइंट पुन्हा शिकवला, वेल्डिंगची टॉर्च थोडी तिरकी केली, बस, लाईन सुरू. मी विचारलं का झालं असं, तर म्हणाले "तिथं त्याचं मनगट अडकतं." पुढे काही नाही. मीही वहीत तेवढंच लिहून ठेवलं.

दीड वर्षाने रविवारच्या क्लासला सर जेकोबियन मॅट्रिक्स, म्हणजे जॉइंटचा स्पीड आणि रोबोटच्या टोकाचा स्पीड जोडणारं गणित, शिकवत होते, मी खरं सांगू तर अर्धी झोपेत होते, आणि ते म्हणाले की पाचवा अॅक्सिस शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात, डिटरमिनंट शून्य होतो, त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, अशा ठिकाणी टोक अगदी सावकाश हलवायचं म्हटलं तरी जॉइंटला प्रचंड स्पीड लागतो. मी ताडकन जागी झाले. हेच ते मनगट! सोमवारी कंपनीत गेल्यावर काकांना कागदावर काढून दाखवलं, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले मग पुढचं फिक्स्चर डिझाईन करतानाच जरा कललेलं कर की. केलं. तो एरर परत आला नाही.

ह्या डिग्रीत जे मिळतं ते हे. नुसतं कॉलेज केलेल्याला जेकोबियन परीक्षेपुरता, नुसती नोकरी केलेल्याला "मनगट अडकतं" एवढंच, आणि तुला दोन्हीचा सांधा जुळवायची संधी. पण संधी तेव्हाच जेव्हा तुझं काम त्या मशीनला हात लावायचं असेल. तू वेल्डिंग लाईनवर आहेस म्हणतोस, तिथे नक्की काय करतोस? पार्ट लोड-अनलोड आणि सायकल स्टार्टचं बटण दाबणं एवढंच असेल तर फॉर्म भरायच्या आधी एचआरला जाऊन विचार की ॲडमिशन झाल्यावर मला मेंटेनन्सला, टूलिंगला, ऑटोमेशनला फिरवणार का, किती महिने, आणि कंपनीतला माझा गाईड कोण, त्याचं नाव सांगा. "बघू, करू" असं उत्तर आलं तर समजून जा.

आता वाईट बातमी. गणित. डिप्लोमावाल्याला थेट सेकंड इयरला घेतात, म्हणजे फर्स्ट इयरची एम वन, एम टू तू कधी केलेलीच नसतात आणि समोर एम थ्री येऊन उभं राहतं, लाप्लास, फुरिअर, व्हेक्टर कॅल्क्युलस. आमच्या बॅचमध्ये हातात कला असलेली पोरं ह्याच एका विषयात दोन-दोनदा बसली. ॲडमिशनच्या आधीचे तीन-चार महिने अकरावी-बारावीचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स पुन्हा काढ, शाळेतल्या पोरासारखं, लाज नको. आणि थर्ड शिफ्ट करून रविवारी सकाळी नऊला क्लासला बसणं काय असतं ते मी तुला लिहून सांगू शकत नाही. सुपरवायझरशी आधीच बोल, शनिवारची नाईट टाळून मिळते का बघ.

प्रश्न : नमस्कार. मी बार्शीहून लिहिते. मुलगी बारावी झाली, सीईटीला मनासारखे मार्क नाहीत. एक एजंट घरी येऊन गेला, "शिका आणि कमवा", पुण्यात कंपनी स्टायपेंड देणार, तीन वर्षांत रोबोटिक्सची डिग्री, इंजिनिअरच म्हणतात. ह्यांना पटलंय, मला धाकधूक आहे. डिग्री खरी असते का? आणि रोबोटच्या जवळ मुलीने काम करायचं म्हणजे सुरक्षित आहे का?

वहिनी, तुमची धाकधूक बरोबर आहे. आधी डिग्रीचं.

तीन वर्षांत म्हणाला ना तो? बारावीनंतरचा बीटेक चार वर्षांचा असतो. तीन वर्षांत मिळते ती बहुतेक बीव्होक, म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी, किंवा बीएस्सी असणार. बीव्होक खोटी नाही बरं का, यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य पदवी आहे, जिथे "कुठल्याही शाखेचा पदवीधर" चालतो तिथे चालते. पण नोकरीच्या जाहिरातीत इंजिनिअरिंगचीच पदवी मागितली असेल तर तिथे अडतं, आणि हे पोरांना शेवटच्या वर्षी कळतं. म्हणून त्या एजंटला एकच सांगा, सर्टिफिकेटवर जे शब्द छापून येणार आहेत ते कागदावर लिहून द्या. मग यूजीसीच्या वेबसाईटवर ती युनिव्हर्सिटी यादीत आहे का बघा. कॉलेज एखाद्या युनिव्हर्सिटीशी संलग्न असेल तर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, मान्यता त्या कोर्सला, त्या वर्षासाठी आहे का तेही बघा. एजंटच्या मोबाईलवरचा फोटो बघून विश्वास ठेवू नका.

अजून एक. कोणी "करस्पॉन्डन्सने बीटेक, परीक्षेपुरतं यायचं" म्हणालं तर सरळ चहा पाजून वाटेला लावा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा दूरस्थ इंजिनिअरिंग पदव्यांवर निकाल दिला, २००१ ते २००५ ला ॲडमिशन घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली आणि त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच. नोकरीत बढती घेऊन बसलेली माणसं होती त्यात. वर्क इंटिग्रेटेड म्हणजे ते नव्हे. बिट्स पिलानीचा ह्या प्रकारचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे, पण तो आधीपासून नोकरीत असलेल्यांसाठी. एआयसीटीईनेही २०२३-२४ पासून कॉलेजांना नोकरदारांसाठी संध्याकाळचे किंवा सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला परवानगी दिली, तेही डिप्लोमा आणि किमान वर्षभराची नोकरी झालेल्यांना. बारावी झालेल्या पोरीसाठी ह्यातलं काहीच लागू नाही. तिला एक वर्ष द्या, सीईटी पुन्हा, किंवा सरळ तीन वर्षांचा मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा, बारावी सायन्सवर तो थेट दुसऱ्या वर्षाला मिळू शकतो. मग वरच्या इस्लामपूरच्या भावासारखी ती नोकरीतून डिग्री करेल. वाट लांबची दिसते पण पायाखालची आहे.

आता रोबोटचं. चालू रोबोट कुंपणात असतो, दार उघडलं की थांबतो. शिकवताना आत जावं लागतं, तेव्हा स्पीडला मर्यादा असते, सेकंदाला २५० मिलिमीटर, म्हणजे माणूस बाजूला होऊ शकतो एवढी. आणि पेंडंटच्या मागे एक स्विच असतो तो मला फार आवडतो. हलका दाबून धरला तरच रोबोट हलतो. सोडला तर थांबतो हे कोणालाही सुचेल, पण जोरात आवळला तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस एकतर हातातलं टाकतो नाहीतर मूठ घट्ट करतो. कोणीतरी माणसाचा हात नीट बघून तो स्विच बनवलाय. धोका येतो तो हा स्विच चिकटपट्टीने बांधून ठेवणाऱ्यांकडून, किंवा दाराचा इंटरलॉक बायपास करणाऱ्यांकडून. मुलगी कधी कंपनीत गेली तर तिला पहिल्या दिवशी हे बघायला सांगा, त्या जागेची शिस्त लगेच कळते. बाकी मला स्वतःला रोबोटपेक्षा रात्री दोनला सुटल्यावर रूमवर जायच्या रस्त्याची जास्त भीती वाटायची, तेव्हा नाईट शिफ्टला गाडी घरापर्यंत सोडते का हे नक्की विचारा.

प्रश्न : मेकॅट्रॉनिक्स म्हणजे नक्की काय? पप्पा म्हणतात मेकॅनिकल घे, हे फॅड आहे.

पप्पांना सांग की फॅड बरंच जुनं आहे. जपानमधल्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी नावाच्या इंजिनिअरने १९६९ मध्ये हा शब्द काढला, मेकॅनिझम आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून. म्हणजे काय ते असं बघ, ग्रिपरने पार्ट पकडला, हे मेकॅनिकल. पकडला हे कळलं कसं, तर सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स. कळल्यावर पुढे काय करायचं हे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, ठरवतो, हा झाला प्रोग्रॅम. ग्रिपरने पार्ट पकडलाय तरी लाईन पुढे जात नाही असं झालं की तिन्ही डिपार्टमेंट एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा जो तिन्ही ठिकाणी डोकावू शकतो तो मेकॅट्रॉनिक्सवाला. एकदा आमच्याकडे अर्धी शिफ्ट गेली आणि निघालं काय, तर स्टोअरने पीएनपी प्रॉक्सीच्या, म्हणजे पार्ट जवळ आल्याचं कळवणाऱ्या सेन्सरच्या, जागी उलट्या सिग्नलची एनपीएन दिलेली. दिसायला सेम, तपकिरी-निळी-काळी वायर सेम, सेन्सरवरचा दिवाही लागतोय, फक्त पीएलसीला इनपुट येत नाही. पप्पांचं अगदीच चूक नाही म्हणा, मेकॅनिकल घेऊन नंतर इकडे येणारे पुष्कळ आहेत, मीच आले.

प्रश्न : मी कोल्हापूरची, जर्मन भाषेची बी१ (मधली) पातळी चालू आहे. जर्मनीत ड्युअल स्टडीमध्ये मेकॅट्रॉनिक्स करता येतं असं ऐकलं. पगार पण देतात?

देतात, आणि ह्या प्रकारात त्यांचा हात कोणी धरणार नाही. तशी कल्पना अमेरिकेतली, सिनसिनाटी युनिव्हर्सिटीत १९०६ मध्ये पहिल्यांदा कॉलेज-कारखाना आलटून पालटून सुरू झालं, पण जर्मनीत बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने १९७४ पासून त्याची पक्की व्यवस्थाच केली. आज त्या संस्थेला डीएचबीडब्ल्यू, म्हणजे त्या राज्याची ड्युअल युनिव्हर्सिटी, म्हणतात, २००९ पासून त्याला युनिव्हर्सिटीचा दर्जा आहे. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असं तीन वर्षं, आणि पूर्ण काळ कंपनी पगार देते, सुट्टीतसुद्धा.

पण इथे आपली मुलं फसतात. आपल्याला वाटतं आधी कॉलेजला ॲडमिशन, मग कंपनी. तिथे उलटं आहे. आधी कंपनी तुला निवडते, तुझ्याशी तीन वर्षांचा करार करते, तो करार असेल तर सीट. म्हणजे एखाद्या कंपनीच्या माणसाला जर्मनमध्ये इंटरव्ह्यू द्यायचा, आणि वर्ग बहुतेक जर्मनमधून. बी१ वर हे झेपणार नाही, बी२ पक्कं आणि सी१ कडे वाटचाल असेल तर विचार कर. शिवाय नुसती आपली बारावी तिथे सहसा थेट चालत नाही, कुठल्या मार्गाने पात्रता बसते ते आधी त्यांच्याकडूनच लेखी घे. पुण्यातल्या एखाद्या जर्मन कंपनीत आधी नोकरी लागली तर तो रस्ता जास्त सोपा जाईल असं माझं मत, तिथली माणसं रोज बोलायला मिळतात.

प्रश्न : ताई राग येईल पण लिहितोच. मी अशाच कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागदावर "रोबोटिक्स ट्रेनी", प्रत्यक्षात आठ महिने पॅकिंगला आणि एक्सेलमध्ये आकडे भरायला. रोबोट काचेतून बघतो. सोडला तर बॉन्डचे पैसे मागतायत. काय करू?

राग तुझ्यावर कशाला येईल. मला माझे पहिले सहा महिने आठवले, मी ग्लोव्हज वाटायचे.

लगेच सोडू नकोस. आधी तुझा करार काढून वाच. ॲप्रेंटिस कायद्याखाली, म्हणजे १९६१ च्या, नोंदणी झालेली असेल तर कंपनीवर ट्रेनिंग द्यायची जबाबदारी आहे, नुसतं राबवून घ्यायची नाही. युनिव्हर्सिटीकडे तुझं लॉगबुक जातं ना? त्यात खोटं लिहिणं आजपासून बंद. पॅकिंग केलं तर पॅकिंगच लिही, तारखेनिशी. आमच्या बॅचमध्ये एकाने हेच केलं, तीन महिन्यांचं "पॅकिंग, पॅकिंग, पॅकिंग" बघून कॉलेजचे सर स्वतः कंपनीत आले, कारण उद्या हेच कागद त्यांच्याही अंगाशी आले असते. बॉन्डची रक्कम, मुदत आणि तू सही केलेली तारीख घेऊन एखाद्या वकिलाला दाखव, धमकीला घाबरून पैसे भरू नकोस.

आणि तोवर मेंटेनन्सवाल्यांशी दोस्ती कर. ब्रेकडाऊन झालं की ते जेवणाच्या सुट्टीतही काम करतात, त्यांना टॉर्च धरायला, पाना द्यायला कोणीतरी हवंच असतं. एचआरला विचारून जे मिळत नाही ते टॉर्च धरून मिळतं. मला पेंडंट पहिल्यांदा हातात मिळाला तो असाच, कारण काकांचे हात ग्रीसने भरले होते.

प्रश्न : कोर्ससाठी लॅपटॉप कुठला घेऊ? मॅक चालेल का?

नको. सीमेन्सचं टीआयए पोर्टल, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, विंडोजवरच चालतं. रॅम १६ जीबी, त्याच्या खाली अडकत अडकत चालेल. आणि दिसायला पातळ म्हणून घेऊ नकोस, लॅन केबलचं पोर्ट आहे का बघ, पीएलसीला जोडायला तेच लागतं. नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर घे आणि त्यावर मार्करने नाव टाक. शॉपफ्लोअरवर ठेवलेला अडॅप्टर परत मिळत नाही, माझे तीन गेलेत.