आधी मार्ग, मग पास

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या नोकरीतल्या दोन वर्षांच्या बचतीतून, विमानाचे तिकीट वगळता दीड लाख रुपयांत, आठ दिवस रेल्वेने स्वित्झर्लंड पाहता येईल का, असे तू विचारले आहेस. येईल. मात्र त्याच पत्रासोबत तू एक रंगीत माहितीपत्रक जोडले आहेस आणि ‘यातला पास सवलत आहे तोवर घेऊन टाकू का’ अशी घाईही केली आहेस, तिथे तुला थांबवणे मला भाग आहे. सारी नोकरी रेल्वेच्या लेखा विभागात काढलेला माणूस मी. मार्ग कागदावर उतरल्याशिवाय तिकिटाला हात लावू नये, एवढे तरी मला तिथे नक्की कळले.

त्या देशात रेल्वेचे पूर्ण भाडे महाग आहे, यात वाद नाही. पण पूर्ण भाडे देणारे बहुतेक परदेशी पाहुणेच असतात. तिथल्या लोकांच्या खिशात कुठले ना कुठले सवलतपत्र असते. पाहुण्यांसाठी त्यातले दोन पर्याय खरे कामाचे आहेत. पहिला स्विस ट्रॅव्हल पास, जो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो आणि ज्यावर रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावांवरच्या बोटी आणि शहरांतल्या ट्रॅम सगळे चालते. दुसरे हाफ फेअर कार्ड, जे महिनाभर चालते आणि ज्यावर जवळपास प्रत्येक तिकीट निम्म्या दरात मिळते. २०२४ साली दुसऱ्या वर्गाचा आठ दिवसांचा पास ४१९ फ्रँकला होता आणि हाफ फेअर कार्ड १२० फ्रँकला. तू जाशील तेव्हा हे आकडे बदललेले असतील, पण गणिताची रीत तीच राहील. दोहोंमधला फरक २९९ फ्रँकांचा. कार्ड घेतले तर उरलेले भाडे निम्मे पडते, म्हणजे आठ दिवसांच्या सगळ्या प्रवासाचे पूर्ण भाडे सहाशे फ्रँकांच्या पुढे जात असेल तरच पास परवडतो, अन्यथा कार्ड बरे.

आता तुझी गोष्ट वेगळी का आहे ते पाहा. वयाची २५ वर्षे पूर्ण न झालेल्यांना हाच पास सुमारे तीस टक्के कमी दरात मिळतो, म्हणजे २०२४च्या दराने आठ दिवसांना तीनशे फ्रँकांच्या आत. हाफ फेअर कार्डाला मात्र तशी तरुणांची सवलत नाही. त्यामुळे तुझ्यासाठी तो सहाशेचा उंबरठा एकदम साडेतीनशेच्या आसपास खाली येतो. मी पुढे सुचवतो आहे त्या मार्गाचे पूर्ण भाडे चारशे फ्रँकांच्या वर सहज जाते, म्हणून तुझा निर्णय पासच्या बाजूने लागतो. तुला येत्या मार्चमध्ये पंचवीस पूर्ण होतील, हे लक्षात घेता जायचे तर याच सप्टेंबरात. तुझ्यासोबत यायचे म्हणणारी तुझी मैत्रीण सत्तावीस वर्षांची आहे. तिने तुझ्या देखादेखी पास घेऊ नये, आपला हिशेब स्वतंत्र मांडावा.

पास तारखांवर मोजला जातो, चोवीस तासांवर नव्हे. संध्याकाळी सहाला विमान उतरत असेल तर त्या दिवशी पास सुरू करणे म्हणजे एक अख्खा दिवस फुकट घालवणे होय. त्या दिवशी विमानतळावरून झुरिकला जाण्यापुरते साधे तिकीट काढ आणि पास दुसऱ्या सकाळपासून लाव.

तिसराही एक पर्याय तुझ्या वाचनात येईल, सेव्हर डे पास नावाचा. तो ठरावीक तारखेपुरता असतो, सहा महिने आधीपासून विकला जातो आणि २०२४ साली अगदी लवकर घेतला तर ५२ फ्रँकांपासून, हाफ फेअर कार्ड असल्यास २९ फ्रँकांपासून मिळत असे. तारीख जवळ येईल तसा तो महाग होत जातो. पहिल्या खेपेला मी याच स्वस्ताईला भुललो होतो. व्हिसा हातात येण्याआधी असली परत न होणारी तिकिटे मोठ्या हुशारीने घेऊन ठेवली, व्हिसाची भेट तीन आठवडे पुढे गेली, विमानाच्या तारखा बदलाव्या लागल्या आणि ती सगळी तिकिटे कागदमोलाची झाली. हिशेबतपासणीत आयुष्य घालवलेल्या माणसाने अशी चूक करावी, हे घरी अजून ऐकावे लागते! तेव्हा क्रम पक्का ठेव. आधी मार्ग, मग रद्द करता येतील अशा खोल्या, मग व्हिसाचा अर्ज, आणि पासपोर्ट परत हातात पडल्यावरच पास. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. तुझा मार्ग एका रात्रीसाठी इटलीत जातो, पण तोही शेंगेनमध्येच असल्याने वेगळा व्हिसा नको. अर्ज मात्र स्विस वकिलातीकडे कर, कारण जास्त रात्री तिथल्या आहेत.

आता माहितीपत्रकातल्या काचेच्या छपराच्या गाड्यांविषयी. ग्लेशियर एक्सप्रेस झरमाट ते सेंट मॉरिट्झ हे अंतर आठेक तासांत कापते आणि पास असला तरी आसन राखून ठेवण्याचे सुमारे ५० फ्रँक वेगळे घेते. बर्निना एक्सप्रेसलाही आरक्षणाचे निराळे पैसे पडतात. या गाड्या वाईट आहेत असे मी म्हणणार नाही, पण त्यांचे रूळ वेगळे नाहीत. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून, तासातासाला साध्या लाल गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, आणि त्यांतल्या कित्येक डब्यांच्या खिडक्या खाली ओढता येतात, जे काचेच्या बंद डब्यात शक्य नाही. फोटोत स्वतःच्याच चेहऱ्याचे प्रतिबिंब नको असेल तर साधी गाडी घे.

आता मार्ग. पूर्व स्वित्झर्लंडमधल्या कूर शहराहून सकाळी निघ. वाटेतल्या थुसिसपासून सेंट मॉरिट्झपर्यंतचा अल्बुला मार्ग आणि तिथून पुढे इटलीतल्या तिरानोपर्यंतचा बर्निना मार्ग, हे दोन्ही मिळून २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. अल्बुलावर लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच आणि वळणदार, जो पलीकडच्या उभ्या कड्यात घुसून थेट बोगदाच होतो. त्या वळणावर पुढचे डबे डोंगरात शिरताना मागच्या डब्यातून दिसतात, म्हणून मागे बस. सेंट मॉरिट्झला किंवा पॉन्ट्रेसिनाला गाडी बदल आणि तिरानोच्या दिशेने उजवीकडची खिडकी धर. आपल्या बोरघाटात चढ ३७ मीटरला एक मीटर एवढा आहे आणि तेवढ्यासाठीही कर्जतला मागून बँकर इंजिने लावावी लागतात, हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. बर्निनावर चढ १४ मीटरला एक मीटर आहे, आणि दातेरी रूळ नसतानाही गाडी ओस्पिझिओ बर्निना या २,२५३ मीटरवरच्या स्थानकापर्यंत चढते. तिथून अवघ्या दोनएक तासांत ती ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. आल्प ग्र्यूमला मी खिडकी खाली ओढली तेव्हा समोर हिमनदी होती आणि वारा कानाला झोंबत होता. समोरच्या आजीबाईंनी मला खिडकी लावायची खूण केली आणि पोस्कियावोला उतरण्यापूर्वी आपला स्वेटर काढून पिशवीत ठेवला. खाली ब्रुसिओला उतार फारच झाल्याने रुळांना जागा उरत नाही, म्हणून तिथे उघड्या माळावर दगडी कमानींचे एक पूर्ण वर्तुळ बांधले आहे आणि गाडी फिरून स्वतःच्याच पुलाखालून बाहेर पडते.

रात्र तिरानोतच काढ. सीमा ओलांडली की कॉफीपासून खोलीपर्यंत सगळे उतरते. दुसऱ्या दिवशी तिथून लुगानोला जाणारी बस आहे. ती उन्हाळी हंगामात चालते, पास तिच्यावर चालतो, पण आसन मात्र आधी राखावे लागते आणि त्याचे थोडे पैसे पडतात. संपूर्ण प्रवासात आरक्षणावर खर्च करावा अशी ही एकच जागा, कारण तिच्यामुळे आल्या वाटेने परत फिरावे लागत नाही.

लुगानो आणि बेलिन्झोना ज्या तिचिनो प्रांतात येतात तिथे मुक्काम करणाऱ्याला, अगदी युवा वसतिगृहात उतरला तरी, प्रांतभराच्या गाड्यांचा आणि बसचा मोफत पास मिळतो. तुझ्याजवळ पास असेलच. मैत्रिणीला हे सांग. बाझेलमध्येही पाहुण्यांना शहरातला प्रवास असाच मोफत आहे. खोली घेताना पाहुण्यांचे कार्ड मिळते का, हे विचारायला लाजू नये.

बेलिन्झोनाहून उत्तरेला जाताना बहुतेक गाड्या २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरच्या गोट्टहार्ड तळबोगद्यातून जातात. वेळ वाचतो, पण वीस मिनिटे काळोखाखेरीज काही दिसत नाही. तू ‘ट्रेनो गोट्टार्दो’ नावाची तांबूस रंगाची गाडी शोध. ती १८८२ च्या जुन्या घाटमार्गाने जाते आणि तिला एक पैसाही जास्त पडत नाही. वासेन गावाचे पांढरे चर्च या गाडीतून तीनदा दिसते. रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत उतरत असल्याने ते उत्तरेकडे जाताना आधी खाली दिसते, मग समोर आणि शेवटी डोक्यावर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती तीन वेगवेगळी गावे वाटतात, मलाही वाटली होती.

पुढचे ल्युसर्न आणि इंटरलाकेन हे सगळे पाहतात, तिथे मी फार सांगत बसत नाही. डोंगरमाथ्यांविषयी मात्र आवर घाल, कारण दीड लाखाला खरे भगदाड तिथे पडते. युंगफ्राऊयोखचे इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण भाडे दोनशे फ्रँकांच्या वर आहे आणि पासवर वरच्या टप्प्यात फक्त चतुर्थांश सवलत मिळते. कार्डवर ती निम्मी मिळते, हाही मैत्रिणीच्या हिशेबातला मुद्दा. ३,४५४ मीटरवर जाऊन ढग पाहायचे असतील तर ते पैसे वाचवलेले बरे. वरचे थेट चित्र सकाळी मोबाइलवर बघून मगच तिकीट काढावे. त्याऐवजी ल्युसर्नजवळचा रिगी डोंगर तुझ्या पासात पूर्ण समाविष्ट आहे. ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाऊला जा, तिथून १८७१ सालच्या, युरोपातल्या पहिल्या दातेरी रेल्वेने माथ्यावर चढ आणि दुसऱ्या बाजूने गोल्डाऊला उतर. तलाव, चढ, उतार, सगळा दिवस आणि वेगळा खर्च शून्य. तसेच लाउटरब्रुनेनहून म्युरेन या मोटारी नसलेल्या गावापर्यंत पास चालतो आणि आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरे तिथल्या बाकावर बसून दिसतात. नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये बऱ्याच रज्जुमार्गांची दुरुस्ती निघते. सप्टेंबरात ती अडचण नाही.

गाडी बदलायला पाचच मिनिटे आहेत म्हणून घाबरू नकोस. १९८२ पासून तिथले वेळापत्रक असे बांधले आहे की गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सुटतात आणि मोठ्या स्थानकात एकमेकींची वाट पाहिल्यासारख्या समोरासमोर येतात. स्थानकावरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा बाराशी येऊन क्षणभर थबकतो, मग मिनिटकाटा टप्पकन पुढे सरकतो आणि गाडी हलते. तेवढ्या वेळात फलाट ओलांडता येतो, सामान एकच पाठपिशवी असेल तर.

राहायला युवा वसतिगृहातली सामायिक खोलीतली खाट पुरे. सुमारे ५० फ्रँक धर आणि शक्यतो स्वयंपाकघर असलेले घे. मिग्रो आणि कोप या दुकानांत संध्याकाळी बंद होण्यापूर्वी तयार पदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. रविवारी ती बंद असतात, फक्त मोठ्या स्थानकांतली उघडी मिळतात. रस्त्यावरच्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते, नसेल तिथे तशी पाटी असते. बाटली विकत घेऊ नकोस. घरून मेतकूट, दाण्याची चटणी, पोहे खुशाल ने, पण आईने कितीही आग्रह केला तरी तूप, पेढे आणि श्रीखंडाच्या वड्या नेऊ नकोस, कारण भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे आणायला बंदी आहे. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपये की फ्रँक’ असे विचारते, तेव्हा फ्रँक निवड. रुपयांत केलेले रूपांतर नेहमी महाग पडते.

फ्रँक ११० रुपयांचा धरून पास ३००, आठ रात्रींचे ४०० आणि रोज २५ प्रमाणे जेवणाचे २०० असे ९०० फ्रँक, म्हणजे ९९ हजार रुपये होतात. उरलेल्या ५१ हजारांत व्हिसा, विमा, बसचे आरक्षण, आकाश मोकळे असल्यास एक माथा, आणि राखीव गंगाजळी. ती पंधरा हजारांच्या खाली जाऊ देऊ नकोस. रात्रवार मुक्काम आणि प्रत्येक टप्प्याचे पूर्ण भाडे असा तक्ता करून या रविवारपर्यंत मला पाठव, तपासून देतो. मैत्रिणीचा वेगळ्या कागदावर असू दे.

तुझा,
काका